नळ केव्हा फुटतो?

नळासारख्या क्षुल्लक वस्तूवर वार्षिकात लेख लिहावा, असे मला कधी वाटले नव्हते. तोटी फिरवली की पाणी यावे, न आल्यास शेजारी चौकशी करावी, याहून अधिक विचार आपण कोणी करीत नाही. परंतु गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेला मावशीकडे गेले असताना एकाच आठवड्यात दोन फुटके नळ माझ्या अनुभवास आले. एक होता लेहजवळ, बर्फाने फुटलेला. त्याची हकीकत फोनवरून ऐकली. दुसरा मावशीच्या दारात, गटारात बुडालेला. तो या हातांनी उकरून काढला. त्या दोन नळांनी मला जे शिकवले ते वाचकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मावशीचे घर सुरतेच्या लिंबायत भागात आहे. गुजरातमधले हे नाव आपल्या बेळगावकडच्या वाचकांना परके वाटेल, पण तेथील गल्लीतून चालू लागले की कानावर मराठी आणि अहिराणीच पडते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि यंत्रमागांच्या व कापड बाजाराच्या आधाराने येथे स्थिरावली. महापालिकेच्या मराठी शाळाही सुरतेत आहेत. आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, अमळनेरकडचे. तरुणपणी काही वर्षे ते मागावर होते. पुढे नळ-फिटिंगचे काम शिकले आणि आज तीसएक वर्षे तोच त्यांचा धंदा आहे. त्यांचा थोरला मुलगा फौजेत आहे. त्याचे प्रशिक्षण आपल्या बेळगावच्याच मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात झाले. त्या काळात रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई, त्यामुळे तो मला सख्ख्या भावासारखा. सध्या त्याची नेमणूक लेहकडे आहे. वहिनी लिंबायतला सासरीच होत्या. त्यांना सातवा महिना लागला होता आणि बाळंतपण सुरतेतच करायचे ठरले होते.

लेहचा फोन

मी पोहोचले त्याच रात्री दादाचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, इकडे आमच्या नळाचा पाइप उभा चिरला. रात्री चांगला होता, सकाळी पाणी नाही. दुपारी ऊन आलं तसा धो धो गळायला लागला."

काकांना हसू आले. "अरे बापू, आमच्याकडे पाइप गंजून फुटतो, ट्रक गेल्यानं फुटतो. थंडीनं कसा फुटेल?" मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तू सायन्सची ना? सांग बरं."

परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेले उत्तर कधी कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. बहुतेक पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. पाणी याला अपवाद आहे. ४ अंश सेल्सिअसपर्यंत ते आकसते, त्याखाली पुन्हा प्रसरण पावू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणून तर बर्फ पाण्यावर तरंगतो. शीतकपाटात काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते, तीही याच कारणाने. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दवाचे हिमकण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण तेवढ्याने पाइप फुटत नाही. लेहला हिवाळ्यात पारा शून्याखाली बराच उतरतो आणि तासन्‌तास तेथेच राहतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेथे बर्फ धरतो तेथेच पाइप फुटतो असे नाही. पाइपात बर्फाचा बोळा तयार होतो आणि तो वाढत जातो. बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकते त्याला जायला वाट उरत नाही. त्यावरचा दाब वाढत जातो आणि जेथे पाइप दुबळा असेल तेथे तो चिरतो. आणि चीर पडली तरी त्या वेळी थेंबही गळत नाही, कारण बर्फानेच वाट बुजवलेली असते. ऊन पडले, बर्फ वितळला, की मग गळती दिसते. थोडक्यात, नळ फुटतो रात्री आणि कळते दुपारी.

काकांनी सारे लक्षपूर्वक ऐकले आणि दादाला दुरुस्ती सांगितली. बर्फ त्यांनी पाहिला होता तो रसवंतीच्या गाड्यावरचा; पण पाइपाची जात त्यांना ठाऊक होती. ती कृती थोडक्यात अशी. आधी मागचा कॉक बंद करावा आणि तोटी उघडी ठेवावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. शेक द्यायचा तो तोटीकडून सुरू करून बोळ्याच्या दिशेने. मधूनच सुरुवात केली तर तेथे झालेले पाणी पुन्हा दोन्ही बाजूंनी कोंडते. शेकासाठी गरम पाण्यात पिळलेली फडकी पुरतात. स्टोव्ह किंवा मशाल लावू नये. त्याने जोड सैल होतात, प्लॅस्टिकचा पाइप वितळतो आणि आगीचीही भीती असते. बर्फ पुरता गेल्यावर चीर शोधावी, दोन्ही बाजूंना चांगला पाइप लागेपर्यंत तेवढा तुकडा कापून काढावा आणि नवा तुकडा जोडावा. चिरेवर नुसते रबर आवळून किंवा एम-सील थापून भागवू नये. तो उपाय रात्रीपुरता. पुन्हा फुटू नये म्हणून पाइपाला गोणपाटाचे व लोकरीचे जाड वेष्टण करावे, आणि मुक्कामाला जाण्यापूर्वी पाइप रिकामा करावा. ते जमत नसेल तर तोटी बारीक धारेने वाहती ठेवावी. थंड प्रदेशांत पाण्याच्या वाहिन्या जमीन जेथवर गोठते त्या खोलीच्याही खाली पुरतात, त्याचे कारणही हेच.

फोन ठेवताना काका म्हणाले, "म्हणजे पाणी चालतं तोवर नळाला धोका नाही. थांबलं की धोका." हे वाक्य त्या वेळी मी फारसे मनावर घेतले नाही.

गल्लीतील कावीळ

दोन दिवसांनी शेजारच्या घरातील मुलाला कावीळ झाल्याचे कळले. मागच्या ओळीतील एका बाईंनाही आठवड्यापूर्वी झाली होती. हे ऐकल्यापासून मावशीच्या तोंडचे पाणी पळाले. कारण उघड होते. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने दोन प्रकारच्या विषाणूंमुळे होते, हेपॅटायटिस ए आणि हेपॅटायटिस ई. यांपैकी ई हा विषाणू बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो बाधला तर आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकते. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. ती साथ या विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी साठवलेले नमुने तपासल्यावर सिद्ध झाले.

वहिनींना डॉक्टरांकडे नेले. तपासणीत काही निघाले नाही. डॉक्टरांनी पाणी खळखळ उकळून पिण्यास सांगितले आणि विचारले, "तुमच्या घरी नळ कुठून येतो?"

या प्रश्नाने काका एकदम गप्प झाले. घरी येताच ते दारापुढच्या गटाराजवळ उकिडवे बसले. लोखंडी पाइप रस्त्याकडून येऊन सुमारे सात-आठ फूट त्या गटारातूनच आला होता. घर बांधले तेव्हा गटार उथळ होते आणि पाइप काठावरून होता. पुढे रस्ता वर आला, गटार भरत गेले आणि पाइप त्यात बुडाला. काका म्हणाले, "साऱ्या लिंबायतचे नळ दुरुस्त केले. माझाच तेवढा गटारात राहिला." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाणी बाहेर जाते, तसे आतही येते

मला एक शंका होती. वाहिनीत पाण्याला दाब असतो. मग भोक पडले तर पाणी बाहेर जाईल, गटाराचे पाणी आत कसे येईल? मी ती काकांना विचारली. त्यांनी उत्तर न देता दुसऱ्या दिवशी पाणी जाण्याच्या वेळेला मला मोरीत बोलावले. धार बारीक झाली, थांबली आणि तोटीतून सूं असा आवाज येऊ लागला. काकांनी वहीचा एक कागद तोटीच्या तोंडाशी धरला. तो टपकन चिकटून बसला आणि हात काढला तरी पडेना.

उलगडा झाला. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनीतील उरलेले पाणी सखल भागाकडे उतरते. कोणी मोटर थेट नळाला लावून उरलेसुरले पाणी ओढतो. मागे पोकळी राहते, पाइपातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि जी फट सापडेल तीतून बाहेरचे आत ओढले जाते. तोटी उघडी असेल तर तेथून हवा येते. फट गटारात असेल तर गटार येते. दिवसातून थोडाच वेळ पाणी सुटत असेल तर उरलेले सारे तास हा धोका उभा असतो. गळका नळ पाणी चालू असताना आपले पाणी वाया घालवतो, आणि पाणी बंद असताना तो पिऊ लागतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत ते आपल्याला परत मिळते.

हा केवळ काकांचा तर्क नव्हे. आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाल्यावर संशोधकांनी तेथील पाणी आणि थांबून थांबून येणारे पाणी यांची तुलना केली. चोवीस तास दाबाखाली असलेल्या नळांत जंतूंचे दूषण पुष्कळ कमी आढळले. तर अधूनमधून येणाऱ्या पाण्यात पुरवठा सुरू होतानाचे पहिले पाणी अधिक घाण निघाले. दोन्ही ठिकाणी मूळ पाणी शुद्ध केलेलेच होते. बिघडत होते ते वाटेत.

मीही एक छोटा प्रयोग केला. पाण्यातील विष्ठाजन्य दूषण ओळखण्यासाठी एक साधी कुपी मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. कुपीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायचे. विष्ठेबरोबर येणारे जंतू असतील तर त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि कुपीतील पाणी काळे पडते. मी तीन कुप्या आणल्या. एकीत नळाचे अगदी पहिले पाणी भरले, दुसरीत पंधरा मिनिटे वाहू दिल्यानंतरचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली कुपी शाईसारखी काळी झाली होती. दुसरी संध्याकाळपर्यंत काळवंडली. तिसरी मी जपून ठेवली. वहिनींनी त्या दोन कुप्या पाहिल्या आणि काही न बोलता पाण्याचे पातेले पुन्हा गॅसवर चढवले.

दुरुस्ती

रविवारी कामाला लागलो. शेजारच्या दोन घरांतली मुले मदतीला आली. रस्त्याखालची मुख्य वाहिनी आणि तिच्यावरची फेरुल यांना हात लावण्याचा अधिकार आपल्याला नसतो. त्या कामासाठी काकांनी आदल्या दिवशीच महापालिकेकडे अर्ज देऊन माणूस बोलावला होता. तेथून घरापर्यंतचा पाइप मात्र घरमालकाने सांभाळायचा असतो.

गटाराचे पाणी दोन्ही बाजूंना मातीचे बांध घालून अडवले आणि उपसले. पाइप फडक्याने पुसताच रोगाचे मूळ दिसले. जोडाजवळ, आट्यांच्या मुळाशी, एक भोक होते. काकांनी समजावले की जी. आय. पाइपावर जस्ताचा मुलामा असतो आणि तोच लोखंडाला गंजापासून वाचवतो. पण आटे पाडताना तो कापला जातो, पाइपाची जाडीही तेथे कमी होते. म्हणून गंज पहिला घाव घालतो तो जोडावर. जोड ओल्या घाणीत बुडालेला असला तर विचारायलाच नको.

काकांनी जुना पाइप दुरुस्त केला नाही, तो काढूनच टाकला. "भोक बुजवलं तर पुढच्या वर्षी शेजारी दुसरं पडेल. पाइपाचा दोष नाही, जागेचा दोष आहे," असे ते म्हणाले. नवा पी. व्ही. सी. पाइप गटाराच्या वरून, भिंतीला क्लॅम्प मारून आणला. जेथे गटार ओलांडणे भागच होते तेथे तो एका मोठ्या पाइपाच्या आतून नेला आणि त्या टप्प्यात एकही जोड ठेवला नाही.

जोडणीची रीत सांगते, कारण ती घरी कोणालाही शिकता येईल. पाइप करवतीने काटकोनात कापावा. तिरका कापला तर जोडात पुरता बसत नाही. कापलेल्या कडेवरचे तंतू कानशीने घासून काढावेत. पाइपाचे टोक आणि कपलिंगची आतली बाजू कोरड्या फडक्याने स्वच्छ करावी. दोन्हींना सॉल्व्हंट सिमेंटचा पातळ, सारखा हात द्यावा, पाइप आत दाबून पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. घाई करून लगेच पाणी सोडू नये. आम्ही ते दुसऱ्या दिवशी सोडले. जेथे आट्यांचा जोड असेल तेथे टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. प्लॅस्टिकचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून उघड्या भागावर रंगाचा हात द्यावा.

एवढे झाले की लोक समजतात काम संपले. काकांच्या मते काम तेव्हा अर्धे होते. सोमवारी पाणी आल्यावर प्रथम सर्व जोड कोरड्या बोटाने चाचपून पाहिले. मग पहिले पाणी बराच वेळ वाहू दिले. घरातील टाकी घासून धुतली, ताजे पाणी भरले आणि तीत ब्लीचिंग पावडर कालवून, वरची निवळी तेवढी ओतली. प्रमाण असे : पंचवीस टक्के क्लोरीन असलेली पावडर दर हजार लिटरला २०० ग्रॅम. हे तीव्र पाणी प्यायचे नसते, धुण्यापुरते असते. ते प्रत्येक तोटीत वास येईपर्यंत खेळवून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी सारे सोडून देऊन वास जाईपर्यंत टाकी व नळ धुतले. हे करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पावडरीबरोबर मोरी धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

त्यानंतर जपून ठेवलेली तिसरी कुपी भरली. एक रात्र गेली, दुसरी गेली. अठ्ठेचाळीस तासांनंतरही ती काळी पडली नव्हती. तरीदेखील वहिनींसाठी पाणी उकळणे मावशीने थांबवले नाही, आणि ते योग्यच होते. या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे आम्ही वेळेत जागे झालो की नाही, याचे उत्तर त्या दिवशी कोणापाशीच नव्हते. शेजारच्या मुलाची कावीळ आमच्याच भोकामुळे झाली असेही मी म्हणू शकत नाही, कारण त्याचा नळ वेगळा होता. पण तोही त्याच गटारातून येत होता. पुढच्या रविवारी काकांनी तो काढला, आणि मजुरी घेतली नाही.

आपल्या दाराशी

लिंबायतला मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात वस्तीत शिरते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला जो महापूर आला त्यात सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, हे तेथील लोक अजून विसरलेले नाहीत. पुरात गटार आणि रस्ता यांत भेद उरत नाही. तेव्हा जमिनीतला प्रत्येक सैल जोड घाणीत असतो. पण ही गोष्ट केवळ सुरतेची नव्हे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला. आपल्या गावातही पाणी रोज सर्वत्र येत नाही आणि जुने पाइप गटाराकाठून जातात. घरी गेल्यावर आपला नळ रस्त्याकडून कोणत्या वाटेने येतो, एवढे एकदा वाकून पाहावे. पाणी येताच पहिली बादली प्यायला भरू नये. ती धुण्याभांड्याला वापरावी. पाण्याला वास किंवा रंग आला तर उकळावे आणि कळवावे. नळाला थेट मोटर लावू नये. ती आपल्याबरोबर शेजाऱ्याच्या फटीतलीही घाण ओढते.

लेहचा नळ आणि लिंबायतचा नळ यांच्यात मला आता फारसा फरक वाटत नाही. एक बर्फाने फुटला, दुसरा गंजाने. पण दोघांचेही वाईट झाले ते पाणी थांबलेले असताना, कोणाचे लक्ष नसताना. आणि दोघांनीही ते उशिरा सांगितले.

मार्चमध्ये मावशीचा फोन आला. वहिनींना मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. दादाला रजा मिळाली होती. घरात शिरताच त्याने आधी मुलीला घेतले आणि मग, काका सांगत होते, बाहेर जाऊन नवा पाइप पाहिला. एक जोड त्याला सैल वाटला म्हणे. काकांनी त्याला पाना दिला आणि म्हणाले, "घे, आवळ."